जांभळाच्या बुंध्यातली सहा भोकं

झाडांच्या संप्रेरकांवर मी तीस वर्षं काम केलं. संप्रेरक हा शब्द आमच्या घरात फक्त मीच वापरायची. मुलगी दिल्लीत वाढली, ती हार्मोन म्हणते, आणि आता बोलताना मीही तेच म्हणते. एका सरकारी प्रयोगशाळेत, काचेच्या बाटल्यांमध्ये, रोपांचे बारीक तुकडे वाढवायचे, त्यांना हे द्रव्य किंचित, ते द्रव्य किंचित द्यायचं, आणि कशाने मूळ फुटतं, कशाने कोंब, याची नोंद ठेवायची, असं ते काम. कधी बाटल्यांत बुरशी शिरायची. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी एसी बंद पडला की सोमवारी कपाट उघडल्यावर सगळ्या बाटल्यांवर काळी-हिरवी लव आणि आंबूस वास. सोबतच्या मुली नाकाला ओढणी लावायच्या. मी बाटल्या उचलून धुवायला टाकायची आणि डबा खायला बसायची. किळस येणं म्हणजे काय ते मला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कळलं, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

आमच्या इमारतीमागे, पार्किंग आणि कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये, एक जांभळाचं झाड होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा ते माझ्या खांद्याएवढं होतं. पुढे ते चौथ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आलं आणि मग आणखी वर गेलं. जून संपत आला की फळं पडायला लागायची. खाली सात-आठ गाड्या. त्यांच्या टपांवर जांभळे डाग, चाकांखाली चिरडलेला गर, गरावर माशा. दोन दिवसांनी सगळीकडे ताडीसारखा वास. लोक बुटाच्या तळव्याला लावून तो गर लिफ्टमध्ये आणायचे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायचे. ‘कितनी गंदगी है’, ‘कटवा क्यों नहीं देते’. दिल्लीत झाड तोडायला वन विभागाची परवानगी लागते आणि धडधाकट झाडासाठी ती सहसा मिळत नाही. त्यामुळे ग्रुपवर पंधरा दिवस चडफडाट व्हायचा, मग पावसाने डाग धुऊन जायचे आणि विषय संपायचा.

दुसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. ते गृहस्थ केंद्र सरकारच्या एका खात्यात वरच्या हुद्द्यावर, मूळचे साताऱ्याकडचे. वीस वर्षांची ओळख. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी. गणपती त्यांच्याकडे बसायचा आणि दिवाळीच्या फराळाला ते आमच्याकडे यायचे. माझ्या नवऱ्याला हृदयाचा झटका आला तेव्हा भाऊजींनीच त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं आणि मुलगी येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते. पुढचं लिहिताना ते माझ्याकडून सुटेल.

त्या वर्षी त्यांनी नवी गाडी घेतली, पांढरी. त्यांची पार्किंगची जागा बरोबर जांभळाखाली.

जूनच्या शेवटच्या रविवारी ते आणि त्यांच्या पत्नी सकाळी आमच्याकडे पोह्यांना आले होते. जांभळाचा विषय निघाला नाही. मला नंतर आठवून आठवून खात्री झाली की तो निघाला नव्हता. भाऊजी चहाची बशी हातात धरून म्हणाले, “वहिनी, एक विचारू? झाडांना खरंच हार्मोन असतात का, आपल्यासारखे?”

दोन वर्षांत माझ्या विषयातलं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मुलगी फोनवर तब्येत विचारते. नवरा ऐकतो, पण टीव्हीकडे बघत. मी बशा बाजूला सारल्या आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनाने रोप काढलं.

“हा शेंडा. यात एक द्रव्य तयार होतं आणि खाली उतरतं. ते पेशीची भिंत सैल करतं. भिंत सैल झाली की पेशी पाणी ओढून घेते आणि लांब होते. झाड उंच होतं ते असं. उजेड एका बाजूने आला तर हे द्रव्य सावलीच्या बाजूला सरकतं. त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून झाड उजेडाकडे वाकतं.”

“अच्छा,” भाऊजी म्हणाले.

“तुळशीचा शेंडा खुडला की ती खालून फुटते ना? शेंडा असेपर्यंत हेच द्रव्य खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की डोळे मोकळे.”

“बिल्कुल ऑफिससारखं,” ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. वरून विमान गेलं, तेवढा वेळ थांबलो. मग त्यांनी विचारलं, “आणि हे जास्त झालं तर?”

“तर झाड वाढून वाढून मरतं.”

“वाढून कसं मरेल?”

हा प्रश्न मला फार आवडला. मी चांगली पंधरा-वीस मिनिटं बोलले. झाड स्वतःचं द्रव्य मोजून बनवतं आणि काम झालं की मोडून टाकतं. कारखान्यात बनवलेलं तसलंच द्रव्य मात्र त्याला सहजी मोडता येत नाही. ते आत साठून राहतं आणि पेशींना एकच हुकूम देत राहतं, वाढा. एका बाजूच्या पेशी वाढतात, दुसऱ्या बाजूच्या नाहीत, म्हणून देठ पिळवटतात. साल फाटते. आतल्या पाणी नेणाऱ्या नळ्या आजूबाजूच्या वाढीने चेपून जातात. शेवटी झाड तहानेने आणि उपासाने मरतं. गव्हाच्या शेतात हेच फवारतात, मी सांगितलं, फरीदाबादच्या बाजूला कुठेही जाऊन बघा. गहू गवताच्या जातीचा, तो वाचतो; चाकवत मरतो, ज्याला इथे बथुआ म्हणतात.

“मोठ्या झाडावर चालतं का?”

“नुसतं वरून शिंपडून नाही. आतपर्यंत पोचलं तर चालतं.”

त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. दोनदा उच्चारून पाहिलं आणि पोहे छान झालेत म्हणाले. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा सांगून झालं आहे.

जुलैच्या मध्यावर मी कढीपत्त्याला खत मागायला माळ्याकडे गेले. माळी बदायूंचा, पन्नाशीचा, आमच्या सोसायटीत दहा वर्षं. त्याने जांभळाजवळ भिंतीच्या कडेला भेंडीची एक ओळ लावली होती, घरच्यापुरती. त्या भेंडीकडे बघून मी जागीच थांबले. जुनी खालची पानं भेंडीसारखीच होती, पंजासारखी रुंद. वरची नवी पानं चिंचोळी, लांबट, बेडकाच्या पायासारखी, आणि देठ खाली वळून पिळलेले. असं पान मी बाटल्यांमध्ये आणि कुंड्यांमध्ये शेकडो वेळा बघितलं होतं. ते स्वतः करूनही बघितलं होतं.

“यह क्या डाला तुमने?”

“कुछ नहीं मैडम. गोबर की खाद है बस.”

“पानी किससे देते हो?”

त्याने निळा प्लास्टिकचा मग दाखवला. मी तो नाकाशी नेला. धुतलेला होता, तरीही फिनेलसारखा तो औषधी वास मला लगेच ओळखू आला. भेंडीला तेवढं पुरतं. मी विचारलं, हा मग कुणी नेला होता का? त्याने तो माझ्या हातून परत घेतला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, दूसरे फ्लोर वाले साहब ने लिया था, सुबह-सुबह, दो-तीन दिन.

मी वर बघितलं. जांभळाच्या फांद्यांचे शेंडे खाली वळले होते. जांभळाचं पान एरवी ताठ असतं, चकचकीत. ती पानं ओल्या कपड्यांसारखी लोंबत होती.

बुंध्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला, माणूस अंग चोरून जेमतेम शिरेल एवढी जागा आहे. मी शिरले. गुडघ्याच्या उंचीवर बुंध्याला गोल फिरत गेलेली सहा ठिकाणं दिसली, सालीपेक्षा किंचित फिकी. कुणीतरी भोकं पाडून ती भिंतीच्या पुट्टीने बुजवली होती आणि वर तपकिरी रंग लावला होता. रंग नीट लावला होता, कडेने कुठे ओघळ नव्हते. मी किल्लीने एक पुट्टी खरवडली. ती निघताच आतून तपकिरी फेस आला आणि बोटांवर उतरला. कोमट होता. त्याला सडलेल्या सालीचा वास होता, त्यात ते औषध, आणि फेसात मुंग्या होत्या, काही मेलेल्या, काही जिवंत. भोकाच्या कडेची साल फुगून ओठासारखी बाहेर आली होती. पेशी अजून वाढत होत्या. त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं.

मला तिथेच ओकारी आली. भिंतीला हात लावून मी ओकले. माळी पाण्याची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, मैडम, मेरा नाम मत लेना.

वर जाऊन तीनदा साबणाने हात धुतले. मग दुसऱ्या मजल्यावर गेले. भाऊजी ऑफिसातून नुकतेच आले होते. त्यांच्या पत्नीने पाणी आणलं. मी बसले नाही.

“भाऊजी, जांभळाला भोकं तुम्ही पाडलीत?”

ते दचकले नाहीत. चष्मा काढून पुसला. “बसा तरी वहिनी.”

“पाडलीत का?”

“इलेक्ट्रिशियनकडून ड्रिल आणलं होतं. सगळ्यांना त्रास होत होता, तुम्ही ग्रुप वाचताच की. परवानगी मागायला गेलो तर वर्षभर फाइल फिरेल. आणि कुऱ्हाड लावली का मी? नाही ना? हार्मोनच तर दिलं. त्याच्यात असतंच ते, फक्त थोडं जास्त दिलं.” मग अगदी आपुलकीने म्हणाले, “तुम्हीच तर सांगितलंत, वहिनी. वाढून वाढून मरतं म्हणून. इतकं छान समजावलंत.”

माझं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या तोंडून आलं, शिकवलेला धडा विद्यार्थ्याने म्हणून दाखवावा तसं. त्यांना खरंच वाटत होतं की मला बरं वाटेल. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “चहा ठेवू का?” मला त्या घराची, सोफ्याची, टेबलावरच्या बिस्किटांच्या बशीची किळस आली. आणि त्याहून जास्त माझ्या त्या रविवारच्या आवाजाची. वर्तमानपत्राच्या कडेवर काढलेलं ते रोप, आणि त्याखाली मी रेघ ओढून दाखवलेला बाण. किती खुलले होते मी.

मी म्हणाले, “तुम्ही माझ्या घरी बसून हे विचारलंत.”

“मग कुणाला विचारणार? तुमच्याइतकं माहीत कुणाला आहे?”

मी निघून आले.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “चूक केली त्याने. पण आता काय, झाड परत येणार आहे का? आपल्याला इथेच राहायचंय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “मला हॉस्पिटलात त्यानेच नेलं होतं.” मला ते माहीत होतं. त्याने ते म्हणायला नको होतं, असं मला वाटलं, आणि त्याने ते म्हणणं स्वाभाविक आहे, हेही कळत होतं.

पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी रबरी नळी लावून झाडाच्या बुडाशी पाणी सोडत होते. जुन्या प्रयोगशाळेतून कोळशाची पूड आणून मुळाशी पसरली. मातीत सांडलेलं औषध ती शोषून घेते. झाडाच्या आत गेलेलं बाहेर काढायला काहीच नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी इतरांना तेच शिकवलं होतं. तरी नळी धरून उभी राहायची. येणारे-जाणारे म्हणायचे, आंटी, पानी की कितनी बरबादी. एकदा भाऊजी ऑफिसला जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, “वहिनी, उन्हात नका थांबू.”

झाडाने त्या महिन्यात काय केलं ते मी पाहिलं आणि ते मला विसरता येत नाही. आधी पानं लोंबली. मग फांद्यांची कोवळी टोकं पिळून स्क्रूसारखी झाली. मग बुंध्यावर, भोकांच्या वर, साल उभी फाटली आणि त्यातून पांढरट गाठी बाहेर आल्या, भाताच्या शितांच्या ढेकळासारख्या. त्या गाठींना बाटलीत मी कॅलस म्हणायची, बाटलीत त्या सुंदर दिसायच्या. गाठी काळ्या पडल्या, त्यांतून चिकट पाणी गळायला लागलं, त्यावर माशा. जांभळं पडायची तेव्हाही माशा यायच्या, पण हा वास निराळा होता, बंद पडलेल्या फ्रीजमधल्या भाजीसारखा. माझ्या स्वयंपाकघरात तो खिडकी बंद केली तरी यायचा. पोळ्या लाटताना मी तोंडाने श्वास घ्यायची. गंमत म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या वासाबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये मी वन विभागाकडे लेखी तक्रार केली. भोकांचे फोटो, भेंडीच्या पानांचे फोटो, औषधाचं नाव, लक्षणं, सगळं क्रमाने लिहिलं. तीस वर्षं अहवाल लिहिले होते, तसाच तो अहवाल झाला. संशयित म्हणून भाऊजींचं नाव लिहिलं. माळ्याचं नाव लिहिलं नाही, ते ठीकच होतं. पण झाड कसं मारायचं ही माहिती भाऊजींना कुणी दिली, तेही मी लिहिलं नाही. कच्च्या प्रतीत एक वाक्य होतं. पक्की करताना ते गाळलं. ‘गरजेचं नाही’ असं मी स्वतःला सांगितलं.

तीन आठवड्यांनी तिथला एक माणूस आला. सभ्य होता, तरुण. बुंध्याला ठोकून बघितलं, वर बघितलं, फोटो काढले. भोकं अजून होती, पण आता त्यांत सहाही ठिकाणी सिमेंट भरलेलं होतं. सेक्रेटरी पुढे होऊन म्हणाले, दीमक लगी थी, इसलिए ट्रीटमेंट कराया. सेक्रेटरीही त्याच इमारतीत राहतात आणि त्यांची गाडी भाऊजींच्या शेजारी उभी असते.

त्या माणसाने मला विचारलं, “मैडम, आपने किसी को करते हुए देखा?”

“नहीं.”

“सैंपल की जाँच?”

मी त्याच्या हातात सालीचे तुकडे घातलेली बाटली दिली. मीच घेतलेला नमुना चालत नाही, तो म्हणाला. हे मला समजायला हवं होतं. मग त्याने त्याच्या कागदावर लिहिलं आणि सेक्रेटरींना सांगितलं की झाड मेलेलं आहे, गाड्यांवर किंवा माणसांवर पडू शकतं, अर्ज करा, धोकादायक म्हणून तोडायची परवानगी मिळेल. माझ्या तक्रारीतून एवढं निघालं. जी परवानगी वर्षानुवर्षं मिळत नव्हती, ती मी मिळवून दिली.

परवानगीचा कागद आल्यावर सोसायटीची मीटिंग झाली. समोसे होते, गार झालेले, आणि कागदी बशांवर तेलाचे डाग. तोडायचा ठराव आला. मी उभी राहिले आणि हिंदीत सांगितलं की हे झाड मेलेलं नाही, मारलेलं आहे. कुणी मारलं ते मी लिहून दिलं आहे, आणि कसं मारायचं ते मी सांगितलं होतं. पोह्यांच्या वेळी, माझ्या घरी, विचारलं म्हणून. तक्रारीत मी ते लपवलं होतं, आता सांगते आहे.

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं आता कुणी काही बोलेल. मागून एकजण म्हणाले, “मैडम, आप तो साइंटिस्ट हैं, पीपल वाले का भी कुछ बता दीजिए, छत में जड़ें आ रही हैं.” लोक हसले. वाईट हसणं नव्हतं. भाऊजीही हसले, खाली बघून. शेजारच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, बैठिए, बीपी बढ़ जाएगा. ठराव मंजूर झाला.

त्या वर्षी गणपतीच्या आरतीला मी गेले नाही. भाऊजींच्या पत्नीने उकडीचे मोदक डब्यात घालून पाठवले. मी झाकण उघडलं आणि मला तो तपकिरी फेस बोटांवर जाणवला. प्रसाद टाकायचा नसतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ते पाच मोदक मी कचऱ्याच्या डब्यात टाकले, डबा घासला आणि लिफ्टने पाठवून दिला. नवऱ्याने पाहिलं.

झाड दोन दिवसांत तोडलं. इलेक्ट्रिक करवतीचा आवाज संध्याकाळपर्यंत चालला. आडव्या कापलेल्या बुंध्यात बाहेरच्या बाजूला काळपट कडं होतं, आत लाकूड चांगलं होतं, ओलसर गुलाबी. माळ्याने त्यातला एक तुकडा पाट करायला नेला. त्या जागेवर काँक्रीट घातलं.

भाऊजी पुढच्या वर्षी निवृत्त झाले, पण गेले नाहीत. द्वारका सोडून जायचं कुठे, असं त्यांच्या पत्नी कुणाला तरी सांगत होत्या. त्यांच्याकडे जाणं आम्ही बंद केलं. म्हणजे मी बंद केलं. नवरा कधी कधी खाली त्यांच्याबरोबर फिरतो, हे मला माहीत आहे आणि मी विचारत नाही. परवा लिफ्टमध्ये ते एकटेच होते. दार उघडल्यावर मागे फिरावं असं वाटलं, पण हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या. मी आत गेले आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले.

“कशा आहात वहिनी?”

“बरी आहे,” मी म्हणाले. “तुमचं कसं चाललंय?”

ते गुडघ्याबद्दल सांगत राहिले. दुसरा मजला आल्यावर बाहेर पडता पडता थांबून, दार हाताने अडवून, वाक्य पूर्ण केलं. मी मान डोलावली. घरी येऊन पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले.